आणि मी सौरव

निपाणी,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय सौरव,

माझा जय जिनेंद्र आणि तुझा रामराम, दोन्ही घे. दिवाळीच्या शिळ्या शुभेच्छाही घे. इकडे सगळं ठीक आहे. तू कसा आहेस ते मोबाईलवर विचारायचं मी सोडून दिलंय, कारण काहीही विचारलं तरी तू अंगठा पाठवतोस. जेवलास का? अंगठा. खोली बदललीस का? अंगठा. दिवाळीला येणार का? त्यालाही अंगठाच, आणि आला नाहीस ते नाहीसच. इंजिनिअर झालास, बेंगळूरला काचेच्या इमारतीत बसायला लागलास, तरी अंगठेबहाद्दर तो अंगठेबहाद्दरच राहिलास लेका. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पाकीट घ्यायला पोस्टात गेलो तर खिडकीतली बाई म्हणते, "रजिस्टर करायचं काय? कोर्टाचं हाय?"

आप्पा बरे आहेत. दिवसभर वखारीत बसून तंबाखूच्या भावावर आणि माझ्यावर ओरडतात. मधे बेळगावात टिळकवाडीला एका वकिलांची मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, वखारीशिवाय आणखी काय करता? मी म्हटलं, रेडिओ. ते म्हणाले, "अजून रेडिओ दुरुस्तीला येतात का हो?" आप्पा मान खाली घालून बसले. मी समजावून सांगितलं, की आमच्या गावात एका ट्रस्टचं छोटं रेडिओ केंद्र आहे, आसपासच्या गावांत ऐकू येतं, तिथं दर रविवारी संध्याकाळी मी गाण्यांचा कार्यक्रम करतो. "पगार?" नाही. नकार तिसऱ्या दिवशी आला. मुलगी चांगली होती रे. हसली होती एकदा.

आता तुझ्या आवडीचं. कार्यक्रम जोरात चाललाय. ज्यांच्यामागं कुठलीही कंपनी नाही अशांची गाणी वाजवायची, हे तूच ठरवलं होतंस आणि 'बिनकंपनीची गाणी' हे नावही तुझंच. अशा गाण्यांना तोटा नाही. सांबऱ्याच्या विमानतळाजवळचा भरमा आठवतो का? गच्चीवर बसून गाणं रेकॉर्ड केलं, मधेच विमान उडालं आणि त्यानं ते तसंच ठेवलं, तो. त्याची तीन नवी गाणी आली. खानापूरच्या एका दिपालीनं गिटारवर गाणं पाठवलंय, मामाच्या गावाला जाणारी बस बंद झाली त्याच्यावर. मागं प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आहेत. तू म्हणायचास ना, कंपनीच्या गाण्यात कुणाच्याच घरचा कुकर वाजत नाही, तेच मी त्या दिवशी सांगितलं. बेळगावच्या कॉलेजातल्या पोरांचा एक बँडही आहे. पोरं हुशार आहेत पण नुसता दणदणाट करतात. शब्द कळायच्या आत गाणं संपतं.

विड्या वळणाऱ्या बायकांचा निकाल अजून चालू आहे. सूप मांडीवर, रेडिओ कट्ट्यावर. गाणं आवडलं तर मालुबाई सोमवारी फोनवर निरोप देते, "हात चालला." नाही आवडलं तर, "हात थांबला." दिपालीच्या गाण्याला हात चालला. बँडच्या वेळी, म्हणे, जयाबाईच्या हातातला दोरा तुटला.

कार्यक्रम संपेपर्यंत दिवस मावळतो आणि आमच्या जैन घरची चूल तोवर आवरलेली असते, हे तुला ठाऊकच आहे. आधी तू स्टँडवर माझ्यासाठी भजी घ्यायचास आणि म्हणायचास, "खा, आप्पांना सांगत न्हाय." आता मी तसाच घरी येतो. एकट्यानं भजी खायला चोरी केल्यासारखं वाटतं.

खरं काम पुढं आहे. आपल्या कार्यक्रमाला पाच वर्षं होतात. माधवी मॅडमनी, म्हणजे आपल्या ट्रस्टच्या सेक्रेटरीबाईंनी, ७ डिसेंबरला रविवारी हॉलमधे श्रोत्यांचा मेळावा ठरवलाय. तू यायला पाहिजेस. एका दिवसाचं काम. सकाळी ये, रात्रीच्या गाडीनं जा. नक्की ये. का ते पुढच्या पत्रात सांगतो, किंवा आल्यावर सांगतो. आल्यावर सांगितलेलं बरं.

तुझा,
अरिहंत

ता. क. लोक तुझी आठवण काढतात. म्हणजे, लई काढतात.


निपाणी,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सौऱ्या,

नमस्कार. पत्र पोचलं हे कळलं. पत्राचा फोटो काढून मला पाठवलास आणि खाली अंगठा! धन्य आहेस बाबा. तुझ्यापुढं हात टेकले.

तो अंगठा म्हणजे 'येतो' का नुसतं 'वाचलं', हे मला कळेना. माधवी मॅडमनी तोवर मेळाव्याचा फलक छापला. त्यावर आपल्या दोघांची नावं आहेत. फोटोही आहेत. तुझा तो जुना, दाढी नसलेला.

आता तू म्हणशील, माझं नाव कशाला? मी तर दीड वर्षामागं सोडून आलो.

बस आणि शांतपणे वाच. आणि हसू नकोस. किंवा हस.

तू गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी ठरवून गेलो होतो, की सांगून टाकायचं. सौरवला चांगली नोकरी लागली, तो बेंगळूरला गेला, त्याला आपल्या सगळ्यांच्या शुभेच्छा. कागदावर लिहूनसुद्धा नेलं होतं. लाल दिवा लागला. मी नेहमीसारखं म्हटलं, "नमस्कार, ऐकताय बिनकंपनीची गाणी. मी अरिहंत," आणि थांबलो. सवयीनं रे. तू बोलशील म्हणून थांबलो. समोर तुझा माईक, रिकामी खुर्ची, आणि हेडफोनमधे माझाच श्वास. रेडिओवर गप्प राहणं म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे, विहिरीत पडल्यासारखं होतं. कॉम्प्युटरवर जुन्या भागाची फाईल उघडीच होती. मी बटण दाबलं.

"आणि मी सौरव!"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग काय, एकदा खोटं जन्माला घातलं की त्याला पोसावं लागतं. मी जुन्या भागांतून तुझे तुकडे कापून ठेवले. 'व्हय की.' 'लई भारी!' 'ह्याला गाणं म्हणायचं व्हय रं?' भरमाचं विमान पहिल्यांदा ऐकल्यावर तू जो खदाखदा हसला होतास तेही ठेवलंय. आणि एक खोकला. खोकला मधेमधे लावला की माणूस खरंच समोर बसल्यासारखा वाटतो. मोठं मत सांगायचं असलं की मी म्हणतो, सौरवचा घसा बसलाय, त्यानं चिठ्ठी दिलीय, मी वाचून दाखवतो. तुझा घसा दीड वर्ष बसलेला आहे. लोक आल्याचा काढा सुचवतात. मालुबाईनं हळद-दुधाचा निरोप दिलाय.

तुझी मतं मी करतो. आणि लोकांना तू माझ्यापेक्षा जास्त आवडतोस, ही आणखी एक गंमत. "सौरवदादांना नमस्कार सांगा," "सौरवदादांनी आमच्या पोराचं गाणं ऐकलं का विचारा." कन्नड गाण्यांच्या अर्ध्या तासात मी एकटा असतो, तेव्हा कुणी काही पाठवत नाही. मराठी अर्धा तास सुरू झाला की फोन वाजायला लागतो.

कुणाला कळलं कसं नाही म्हणशील. माधवी मॅडम चिकोडीला राहतात, तिकडं आपलं केंद्र लागत नाही. रविवारी केंद्रावर मी आणि भिंतीवरची पाल. तुझ्या आईंची तेवढी भीती होती. त्यांची माझी गाठ कधी पडली नाही, पण तूच म्हणायचास, आईला रेडिओ चालत नाही, टीव्हीवरची मालिका लागते. म्हटलं, मग सुटलो.

मी असं का केलं, हे मी स्वतःला लई वेळा विचारलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं बघ. तू मला शिवी दिली असतीस, मी तुला दिली असती, चार महिन्यांनी कुणाच्या तरी लग्नात गळ्यात पडलो असतो. तसं काहीच झालं नाही. तू गेलास. आधी रोज फोन होता, मग आठवड्याला, मग अंगठा. ह्यात तुझी चूक काय? काहीच नाही. नोकरी आहे, तिथला ट्रॅफिक आहे, माणूस दमतो. पण मी आता आठवड्यातून एकदा ज्या माणसाशी मनापासून बोलतो, तो म्हणजे तुझे कापलेले तुकडे. सौरव, काय म्हणतोस? 'व्हय की.' हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण लिहिलं.

तर आता सरळ मागतो. ७ तारखेला ये. स्टेजवर माझ्याशेजारी बस, घसा बरा झाला म्हण, आणि सांग की आता नोकरीमुळं जमणार नाही. तू सांगितलंस तर लोक ऐकतील. मी एकटा उभा राहिलो तर दीड वर्ष फसवलं म्हणून जोडे मारतील आणि बरोबरच करतील. कार्यक्रम जाईल. सौऱ्या, माझ्याकडं तेवढंच आहे.

यायचं नसलं तर तसं स्पष्ट कळव. अंगठा पाठवू नकोस.

तुझीच वाट बघणारा,
अरिहंत


निपाणी,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

सौरव,

नमस्कार वगैरे.

तू आला नाहीस. शनिवारी रात्री मेसेज केलास, "सॉरी रे, रिलीज आहे." कसला रिलीज ते तुझं तुला माहीत. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण खोटं बोलून आता पोट भरलंय. रागावलोय. सकाळी स्टँडवर जाऊन बेंगळूरच्या दोन गाड्या तरीही बघून आलो. मेसेज आल्यावरसुद्धा. मूर्ख म्हणतात ते ह्याला.

हॉल भरला होता. पुढं खाली सतरंजीवर विड्या वळणाऱ्या बायका, इरकल नेसून, गजरे घालून. मागं खुर्च्यांवर पोरं. बँडवाले आले होते, खानापूरची दिपाली आईला घेऊन आली होती. पहिल्यांदा भरमा गायला. बेळगावच्या स्टुडिओत जाऊन त्यानं ते विमानाचं जुनं गाणं नव्यानं स्वच्छ करून आणलं होतं, त्याच्यावरच तो गायला. चांगला गायला. टाळ्या पडायच्या आधी जयाबाई ओरडली, "आनि इमान कुठं गेलं?" पोरगं गोंधळलं. म्हणालं, काकू, तो आवाज काढून टाकला, नको होता तो. जयाबाई म्हणते, "कुनी सांगितलं नको हुता? आमी इमानाची वाट बघत बसतोय की!" सगळा हॉल हसला. मीही हसलो, आणि हसता हसता माझी पाळी आली.

स्टेजवर दोन खुर्च्या, दोन माईक. माधवी मॅडम घड्याळ बघत होत्या. "सौरव कुठाय?" म्हणून मला दोनदा विचारून झालं होतं. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, पण तोंडातनं आलं ते रोजचंच. "नमस्कार, बिनकंपनीची गाणी. मी अरिहंत,"

आणि थांबलो. इथं दाबायला बटण नव्हतं.

तर सौऱ्या, खाली बसलेल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "आनि मी सौरव!"

आणि खो खो हसायला लागल्या. मालुबाईला तर ठसका लागला. मला काही कळेना. मी माईकवरच म्हटलं, "म्हणजे?" मालुबाई पदरानं डोळे पुसत उठली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. एवढीशी बाई आहे रे, आवाजावरून मला पहिलवान वाटायची.

"अरं लेकरा, सौरव आमच्याच गल्लीतला हाय की. त्यो बेंगळूरला गेलता त्या दिशी त्याची बॅग स्टँडवर गाडीपातूर म्याच आनलीया. त्याची आई आनि मी एकाच कट्ट्यावर इड्या वळतोय. आमास्नी म्हाईत नसंल व्हय?"

मी म्हटलं, मग हळद-दूध? नमस्कार? ते सगळं?

"मग काय म्हनायचं? पोरगं एकटंच बोलतंय, जोडीदार न्हाय, रडवेलं झालंय, आवाजातच कळतंय की. म्हटलं, असू दे. आनि काय रं, सौरवच्या तोंडात साखर कवापास्नं आली? त्यो कवा कुनाच्या गान्याला चांगलं म्हनला हुता? सगळ्यांची चंपी करायचा. तुझा सौरव लई ग्वाड हाय."

मी खुर्चीवर बसलो. तुझ्या नव्हे, माझ्याच. वखारीतला माणूस मी, गल्लीत कोण कुणाच्या कट्ट्यावर बसतं ते मला कसं माहीत असणार? रेडिओवर बोलतो म्हणजे ऐकणाऱ्यांना फक्त कानच असतात, असं धरून चाललो होतो. निपाणीत लपतं काय? माधवी मॅडमचा चेहरा लाल झाला होता, त्या पुढं आल्या, जुने आवाज लावणं नियमात बसत नाही, आजपासून बंद, असं म्हणाल्या. आणि मी हो म्हटलं. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, संपलं एकदाचं.

तेव्हा बायकांच्या कडेला बसलेली एक बाई उठली. मालुबाई म्हणाली, "ही राजाबाई. सौरवची आई."

मी पाया पडलो. म्हटलं, मावशी, चुकलं माझं, तुमच्या मुलाचा आवाज न विचारता लावला, आता लावत नाही. त्यांनी माझा हात धरला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुझं आहे, माझं नाही.

"बंद कशापायी करतोस? लाव की. म्या त्येच्यासाठीच रेडिओ लावतोय आयतवारी. मालिका बिलिका सोडली. जुनं हाय त्ये, म्हाईत हाय मला. पर माझंच पोरगं हाय न्हवं?"

मी म्हटलं, मावशी, फोन करत नाही का तो?

"करतोय की. लई गुनाचं पोरगं हाय. पैसं बी धाडतोय. 'जेवलीस? गोळी घेतलीस? बरं, ठेवतो.' हसत न्हाय रं फोनवर. एकदा बी हसत न्हाय. रेडिओवर हसतंय. आधी नाकातनं, मग घशातनं, आनि मग येकदम मोठ्ठ्यानं. म्या हात थांबवून ऐकतोय."

सौरव, बायकांनी मला सांभाळलं असं मी समजत होतो. तसं नव्हतं. तुझे निरोप, तुझं हळद-दूध, दर आठवड्याचं सौरवदादा, हे सगळं चालू होतं ते मी तुझं हसू लावत राहावं म्हणून. कट्ट्यावर एक बाई हात थांबवून बसलेली असायची, तिच्यासाठी. मी मधल्यामधे वाजत होतो. वाईट वाटलं नाही. खरंच नाही वाटलं.

मॅडमनी ते सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "कुणाचा आवाज कधीचा आहे ते सांगून लावा. बाकी मी काही ऐकलं नाही."

जाताना राजामावशी दारापाशी परत थांबल्या. म्हणाल्या, "येक कर बाबा. त्यो खोकला तेवढा लावू नगंस. जुना हाय म्हाईत असून बी काळजी लागती. रातभर वाटतं, पोराला तिकडं बरं न्हाय, मला सांगत न्हाय."

खोकला मी आज सकाळीच काढून टाकला. पुन्हा कधी लागणार नाही.

हसू ठेवलंय. पण ते एकच आहे रे माझ्याकडं. तेवढंच दीड वर्ष वाजवतोय आणि तुझ्या आईला ते श्वासासकट पाठ झालंय. बाकीच्या भागांत तू बोलतोस, भांडतोस, गाण्यांची चंपी करतोस, पण असा हसलेला कुठंच सापडत नाहीस. आज परत शोधलं. तुला तिथं हसायला काही मिळत नाही का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता विचारतो. बरा आहेस ना?

कार्यक्रमाला येऊ नकोस, मला रेकॉर्डिंग पाठवू नकोस, ह्या पत्राला उत्तरही नको. फोन उचल आणि आईला लाव. गोळीचं विचारू नकोस. जयाबाईचं सांग, इमान कुठं गेलं म्हणून हॉलमधे ओरडली ते. ती स्वतः तिथं होती, तरी सांग. तुला हसू येईल. आलं की दाबू नकोस.

काल रात्री स्टँडवर भजी खाल्ली. एकट्यानं. गार होती.

खाली सही करून पुढची जागा सोडतोय. आता ती ओळ मी वाजवणार नाही.

मी अरिहंत,